फर्नेस बंद आणि बाहेर उणे ३१: मनी-बंड्याच्या खोलीच्या नोंदी

२८ जानेवारी २०१९, सोमवार

नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला. रात्रभर बर्फ पडला, सकाळी ड्राइव्हवे साफ करण्यातच वेळ गेला. फर्नेस (अख्खं घर गरम ठेवणारं गॅसचं यंत्र) सुरू होताना गेल्या आठवड्यापासून किरकिर असा आवाज येतोय, थोडा वेळ येतो आणि मग थांबतो. कंपनीला फोन केला तर पुढच्या बुधवारची तारीख मिळाली, आणि या बुधवारी पारा उणे ३० च्या आसपास जाणार असं सगळीकडे सांगतायत. शिकागोचा आजवरचा नीचांक उणे ३३ आहे, जानेवारी १९८५ चा, म्हणजे आपण त्याच्या अगदी जवळ जाणार. फर्नेस नेमका तेव्हाच बसला तर काय, याची तयारी म्हणून ही वही सुरू केली. थर्मोस्टॅट फॅरनहाइट दाखवतो पण मी सेल्सियसमधे लिहितेय, साताऱ्याला आई वाचणार आहे.

घरात मांजरं दोन. मनी १४ वर्षांची, किडनीचं दुखणं, वजन कमी होत होत सव्वातीन किलोवर आलंय, मागच्या पायात संधिवात. बंड्या दोन वर्षांचा, अंगापिंडाने गुटगुटीत, त्याला थंडीचा प्रश्न नाही, त्याच्या बाबतीत प्रश्न फक्त उपद्व्यापांचा. म्हणजे दोघांच्या काळज्या वेगळ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर मला बंड्याचीच जास्त आहे.

नचिकेतचं म्हणणं होतं की चार स्पेस हीटर आणू आणि घरभर ठेवू. नको म्हटलं. अख्खं घर गरम ठेवायचा नादच सोडायचा. एक खोली बऱ्यापैकी ठेवायची आणि त्या खोलीत मांजराच्या अंगाएवढी जागा चांगली गरम ठेवायची. एक मांजर नुसतं लोळत पडलं तरी साधारण १० वॉट उष्णता बाहेर टाकतं, मोठ्या खोलीत ती कुठल्या कुठे जाते, पण छोट्या खोक्यात तेवढ्यातच फरक पडतो.

२९ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळ

खोली ठरली. वरची छोटी बेडरूम, दक्षिणेची खिडकी, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे त्यांच्या हीटिंगचा थोडा फायदा फुकटात. बाथरूम लागूनच आहे, लिटर बॉक्स तिथेच आणला. एरवी तो बेसमेंटमधे असतो पण किडनीचं मांजर दिवसात किती वेळा लघवीला जातं ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा, गार जिन्यावरून दोन मजले खाली ती उतरणार नाही, गादीवरच करेल आणि मग ओल्या अंगाने गारठेल.

खिडकीला प्लास्टिकची फिल्म लावली, हेअर ड्रायरने ताणून बसते ती. त्यावर आजीची गोधडी टांगली, कारण फिल्म उघडी ठेवली तर बंड्याची नखं आणि फिल्म यांची गाठ पडायला अर्धा तास पुरे.

खोकं: मायक्रोवेव्ह ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता तेच. आतून फ्लीस चिकटवलं, एका बाजूला वीतभर रुंद भोक ठेवलं, आणि खाली दोन जाड पुस्तकं घालून जमिनीपासून उचललं कारण गारवा जमिनीकडून जास्त येतो. दोघं एकत्र मावतील पण इकडेतिकडे फिरता येणार नाही एवढंच. मोठं खोकं म्हणजे दयाळूपणा नाही. आत मायक्रोवेव्हमधे गरम करायची ती प्लास्टिकची बशी, स्नगलसेफ, तिच्यावर जाड कव्हर घालून. ती कोपऱ्यात ठेवायची, अख्खा तळ व्यापू द्यायचा नाही. माणसांचं कंबरेला शेकायचं इलेक्ट्रिक पॅड अजिबात नको, संधिवाताचं म्हातारं मांजर नको झालं तरी पटकन उठत नाही, आणि केसांखालची कातडी भाजलेली वरून दिसत नाही.

हीटर एकच, तेलाचा, रेडिएटरसारख्या पंखांचा. लाल होणारी कांडी उघडी असलेला नाही आणि पंख्याचाही नाही (केस ओढून घेतो). १५०० वॉट म्हणजे इथल्या १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर, आणि बेडरूमचं सर्किट १५ अँपिअरचं. म्हणजे त्याच सर्किटवर हेअर ड्रायर लावला की ब्रेकर उडणार. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, एक्स्टेंशन कॉर्ड नाही, आणि भोवती मीटरभर काहीच नाही, गोधडी तर नाहीच. वायर कपाटामागून नेली कारण बंड्या.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तपासले. इलिनॉयमधे २००७ पासून कायदाच आहे, झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत अलार्म पाहिजे. वरचा चालतोय, बेसमेंटच्या अलार्मची बॅटरी बदलली.

३० जानेवारी, बुधवार, पहाटे सव्वातीन

बसला. हॉलमधे १७. बाहेर उणे ३० आणि वारा. फर्नेसच्या पॅनलमधल्या छोट्या काचेतून लाल दिवा तीनदा लुकलुकतो, थांबतो, परत तीनदा. आतल्या स्टिकरवर याचा अर्थ लिहिलाय, प्रेशर स्विच उघडा राहिलाय, लागत नाहीये. दोघांना उचलून वरच्या खोलीत टाकलं, दार बंद.

३० जानेवारी, सकाळ

आमचा फर्नेस हाय एफिशिएन्सीवाला आहे, त्याला हवा घ्यायला आणि धूर सोडायला दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर काढलेले असतात. नचिकेत तीन थर कपडे घालून बघून आला तर हवा आत घ्यायच्या पाइपच्या तोंडाशी हिमाची टोपी जमलेली. ती फोडली, फर्नेस लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि चहा होईपर्यंत परत बंद. म्हणजे हिम हे एक कारण, दुसरं ते किरकिरणारं. इमर्जन्सी लाइनवर तासाभराने माणूस मिळाला, आज कोणीही येणार नाही म्हणाला, उद्या संध्याकाळ. आज एकूणच सगळं ठप्प आहे, टपालखात्याने सुद्धा आज टपाल वाटप बंद ठेवलंय, शाळा बंद, ब्रुकफील्डचं प्राणिसंग्रहालय बंद. मेट्राच्या, म्हणजे इथल्या लोकल गाड्यांच्या, रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्याशी गॅसच्या ज्वाळा पेटवून ठेवल्यात, त्याचे फोटो आईने साताऱ्याहून मलाच पाठवले आणि खाली, अगं तुमच्याकडे रूळ पेटलेत का?

आकडे, सकाळी १० वाजता: हॉल ११, वरची खोली १६, खोक्याच्या आत २५. खोक्यात स्वयंपाकघरातलं प्रोबवालं थर्मामीटर घातलंय, वायर बाहेर काढून भिंतीला टेपने चिकटवली.

आईला वाटतं १६ म्हणजे साताऱ्यातली हिवाळ्यातली छान रात्र, मांजराला काय होणार. तिचं चूक नाही, धट्ट्याकट्ट्या मांजराला १६ ला काही होत नाही, ते आपलं गोल मुटकुळं करून बसतं. पण मांजरांना मनापासून सुखाचं वाटतं ते ३० ते ३८ अंशांत, त्या तापमानाला त्यांच्या शरीराला ऊब टिकवायला जास्तीचं काम करावं लागत नाही. म्हणून तर ती लॅपटॉपवर, टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर आणि उन्हाच्या चौकोनात जाऊन पडतात. त्याच्या खाली जेवढं जाल तेवढं अंगातलं इंधन जळतं, आणि मनीकडे जाळायला फार काही शिल्लक नाही.

व्हेटच्या क्लिनिकला फोन लागला (ते लोक आज कामावर आले, धन्य). तिथल्या नर्सबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते. मांजराचं नॉर्मल ३८ ते ३९.२. ३७.२ च्या खाली गेलं तर फोन करा. नुसते कान गार लागले म्हणून घाबरू नका, कान आणि पंजे गार होतातच, पोट आणि काख बघा. कुडकुडत असेल तर शरीर अजून झगडतंय, कुडकुडणं थांबलं आणि मांजर सुस्त, अडखळत चालणारं झालं तर ते बरं झालेलं नसतं, लगेच निघा. गार पडलेल्या मांजराला चोळायचं नाही, गरम पाण्यात घालायचं नाही, आधी धड गरम करायचं, पाय नाही.

मनी ३८.१. ठीक. मोजताना तिने जे तोंड केलं ते लिहिण्यासारखं नाही.

३० जानेवारी, दुपार

बाहेरचं आजचं कमाल उणे २३ म्हणे. कमाल!

आता पाइप. भिंतीतले नळाचे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून सगळे सांगतात की सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा आणि नळ बारीक धारेने चालू ठेवा. पण सिंकखाली आपण काय ठेवतो? ड्रेन क्लीनर, ब्लीच, डिशवॉशरच्या त्या रंगीत गोळ्या. दोन मांजरांच्या घरात ती दारं उघडी टाकणं म्हणजे विषाचं दुकान मांडणं. आधी सगळं गॅरेजमधल्या बंद कपाटात हलवलं, मग दारं उघडली. ही गोष्ट कुठल्याच यादीत लिहिलेली नसते, पाइपवाले पाइपचं सांगतात आणि मांजरवाले मांजराचं.

शेजारच्या पोलिश आजींनी प्रेमाने एक हिरवा कॅन आणून दिला, बेसमेंटमधल्या मोरीच्या जाळीत ओतायला, तिथलं पाणी गोठू नये म्हणून. गाडीचं अँटीफ्रीझ. थँक्यू म्हणून घेतला आणि गाडीच्या डिकीत ठेवून दिला. यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर, आणि मांजराला एक चमचा पुरतो, पंजाला लागलेलं चाटलं तरी किडन्या जातात. कॅम्पर व्हॅनसाठी जे गुलाबी मिळतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, त्याचा धोका खूपच कमी, ओतायचंच असेल तर ते. आमचं बेसमेंट अजून ९ वर आहे, काहीच ओतलं नाही.

आजींचा दुसरा सल्ला, ओव्हन लावून दार उघडं ठेव, आम्ही पूर्वी असंच करायचो. आमचा ओव्हन गॅसचा. बंद खिडक्यांच्या घरात तासन्‌तास गॅसचा ओव्हन म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण, आणि त्याला वास नाही की रंग नाही. शिवाय उघडं तापलेलं दार, बरोबर बंड्याच्या उडीच्या उंचीवर. आजींना म्हटलं, तुम्हीच या आमच्या वरच्या खोलीत बसायला, चहा देते. आल्या नाहीत, त्यांचा फर्नेस उत्तम चालू आहे.

मेणबत्त्या नाहीत, हे सांगायला नकोच. वीज आहे, हे आपलं नशीब.

३० जानेवारी, रात्री ११

हॉल ७. खोली १५, हीटर पूर्ण जोरात. खोकं २६, दोघं आत. एरवी मनी बंड्याला दोन हातांच्या आत येऊ देत नाही, आज त्याच्या पोटाला पाठ लावून झोपलीये आणि फिस्‌फिस्‌ सुद्धा नाही. तत्त्वं थंडीत टिकत नाहीत.

मनीला एक दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यावं लागतं, १०० मिली रिंगर लॅक्टेट. पिशवी हॉलच्या कपाटात होती, म्हणजे आज ७ अंशाची. एवढं गार पाणी सव्वातीन किलोच्या जिवाच्या कातडीखाली सोडलं तर दिवसभराची सगळी मेहनत पाण्यात. पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, मधूनमधून हलवून, मनगटावर थेंब टाकून बघितलं, तान्ह्या बाळाच्या दुधाचं बघतात तसं, आणि मग दिलं. मायक्रोवेव्ह नाही, त्याने एके ठिकाणी उकळतं आणि दुसऱ्या ठिकाणी गारच राहतं. आता पिशव्या या खोलीतच ठेवणार.

खाणं: डब्यातलं ओलं अन्न थोडं गरम पाणी घालून कोमट केलं, वास सुटतो आणि म्हातारी मांजरं त्याला भुलतात. पाण्याचं भांडं सुद्धा दर थोड्या वेळाने कोमट पाण्याने भरतोय, गारेगार पाणी मनी टाळते आणि पाणी टाळणं तिला परवडत नाही. आज दोघांना नेहमीपेक्षा थोडं जास्त दिलं. बंड्याला गरज नव्हती पण त्याला कोण समजावणार.

निघायचं कधी तेही ठरवलं, झोपेत ठरवायला नको म्हणून. खोली १० च्या खाली गेली, किंवा वीज गेली, किंवा मनी ३७.२ च्या खाली, यातलं काहीही एक झालं की ऑरोराला वर्षाताईंकडे. दोन्ही कॅरियर (मांजरं न्यायच्या पेट्या) याच खोलीत उघडे ठेवलेत, आत त्यांचीच पांघरुणं, म्हणजे कॅरियर गार नाही आणि परकाही नाही. गाडी गरम करायची ती गॅरेजच्या बाहेर काढून, दार उघडं आहे म्हणून आतच चालू ठेवायची नाही, गॅरेजला लागून घर आहे. वर्षाताई म्हणाल्या, अगं कधीही ये, रात्री तीनला बेल वाजव, कुत्र्याला मी बेसमेंटमधे टाकते.

३१ जानेवारी, गुरुवार

पहाटे उणे २९. रॉकफर्डला उणे ३५, त्यांचा आजवरचा विक्रम. खोली १४, मनी ३८.०, खाल्लं, लिटरमधे गेली, मला नख मारलं. तब्येत उत्तम.

मुलांच्या हातमोज्यात घालायच्या त्या गरम पुड्या एका मैत्रिणीने आणून दिल्या, खोक्यात टाक म्हणाली. टाकल्या नाहीत. आत लोखंडाची भुकटी असते, बंड्या पुडी फाडणार, खाणार. आम्हीच खिशात घालून फिरतोय.

संध्याकाळी साडेसहाला टेक्निशियन आला. यायच्या आधी केलेलं: वरच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद, मांजरं आत आहेत, उघडू नका. कारण तो माणूस पुढचं दार उघडं टाकून व्हॅनपर्यंत सतत ये-जा करतो, आणि आज बाहेर सुटलेलं घरातलं मांजर सकाळ बघणार नाही. दुसरं, फर्नेसचं पॅनल काढलं की आतली पोकळी थेट डक्टला, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळकांड्यांना, जोडलेली असते आणि मांजराला अंधारं भोक दिसलं की ते जातंच, मग पॅनल लागतं आणि आतून म्याँव. तिसरं, बुटांना बाहेरचं बर्फ वितळवायचं मीठ लागलेलं असतं. ते जिथे जिथे सांडलं ते ओल्या फडक्याने पुसून घेतलं, पंजाला लागतं, आग होते, चाटलं की पोट बिघडतं.

निदान: इंड्यूसर मोटर. धूर बाहेर ढकलणारा जो छोटा पंखा असतो त्याचं बेअरिंग गेलंय, पुरेसं ओढत नाही म्हणून प्रेशर स्विच लागत नाही म्हणून गॅस सुटत नाही. म्हणजे स्विचने त्याचं काम चोख केलं, धूर बाहेर जात नसताना जाळ पेटू दिला नाही. पार्ट उद्या मिळेल. स्विचला बायपास करून रात्रीपुरता चालवता येईल का, असं नचिकेतने हळूच विचारलं, टेक्निशियनने त्याच्याकडे जे बघितलं त्यात उत्तर आलं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मोटर बदलली. पहिल्यांदा गरम हवा आली तेव्हा धूळ जळल्याचा वास, आणि जिन्यावरच्या व्हेंटवर दोघं जाऊन बसली, शेजारी शेजारी नाही, चांगलं दोन फुटांचं अंतर ठेवून. एकाने बसायचं आणि दुसऱ्याने हाकलायचं, झालं सुरू.

टेक्निशियनने फिल्टर काढून दाखवला, त्यावर केसांची गादीच. मोटर त्याने गेली नाही, पण फिल्टर तुंबला तर हवा अडते, फर्नेस आतून जास्त तापतो आणि लिमिट स्विच त्याला बंद करतो, म्हणजे मांजरांच्या घरात हा फर्नेस बंद पडायचा वेगळाच रस्ता आहे. तीन महिन्यांचा फिल्टर आपल्याकडे महिन्याला बदलायचा, असं तो म्हणाला. फ्रिजवर चिकटवलं.

३ फेब्रुवारी, रविवार

बाहेर शून्याच्या बराच वर, रस्त्यावर पाण्याचे ओघळ, लोक टी-शर्टात. हा गाव वेडा आहे. सिंकखालच्या बाटल्या परत आणायच्या होत्या, आणल्या नाहीत, गॅरेजच्या कपाटातच बऱ्या आहेत. हिरवा कॅन आजींना परत दिला आणि का ते सांगितलं, त्यांच्याकडे मांजर नाही पण नातवाचा कुत्रा येतो म्हणाल्या, त्यांनी पण तो उंचावर ठेवला.

२ मार्च, शनिवार

खरेदी. वायफायचं थर्मामीटर, घर १५ च्या खाली गेलं की फोनवर ओरडतं, आम्ही ऑफिसात असताना फर्नेस बसला तर कळायला. मनीसाठी ४ वॉटची मांजरांची गरम गादी, अंगाच्या तापमानाच्या वर जातच नाही, वायरला पोलादी वेष्टण.

२ नोव्हेंबर, शनिवार

हॅलोविनला चक्क बर्फ पडला, तेव्हा ठरवलं की तालीम करायची ती आत्ताच. यावेळी वीज गेली असं धरून, कारण जानेवारीत हीटर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही विजेच्याच जिवावर होते.

थर्मोस्टॅट बंद, खिडकी किलकिली, खोली १३ वर आणली. आईने पाठवलेल्या रबरी गरम पाण्याच्या पिशव्या, दोन, लोकरी कव्हरसकट. पाणी गॅसच्या शेगडीवर तापवलं, काडीने पेटवून, एक्झॉस्ट... तो विजेचा, म्हणून खिडकी उघडी, आणि पाणी तापलं की शेगडी लगेच बंद. उकळतं नाही भरायचं, हाताला सोसेल एवढंच, पिशवी अर्ध्याहून थोडी जास्त, हवा काढून. खोक्यात २४ पर्यंत गेलं आणि चार तासांनी २० वर आलं. म्हणजे रात्री एकदा उठावं लागेल. दोन पिशव्या आलटून पालटून.

ते चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट सुद्धा खोक्याच्या आणि फ्लीसच्या मधे घालून बघितलं. उष्णता चांगली धरतं, पण कडा बाहेर राहिल्या तर बंड्या पट्ट्या ओढून खातो, आतड्यात अडकल्या तर ऑपरेशन. चारी कडा टेपने बंद केल्या तरच.

बंड्याने पिशवीचं लोकरी कव्हर कुरतडायला सुरुवात केलीये. आईला दोन जास्तीची विणायला सांगितलीत, या वेळी जाड सुताची. लसीच्या कागदांची झेरॉक्स कॅरियरच्या खिशात, मनीच्या सलाइनच्या सुया आणि नळी पण. वर्षाताईंकडे ऑक्टोबरपासून दुसरा कुत्रा आलाय, म्हणून आता आधी फोन करायचा, थेट बेल वाजवायची नाही.